आप्पांचं जाम इंजिन आणि माणिकप्पा मिस्त्री

माणिकप्पा मिस्त्री आमच्या शेतात आले तेव्हा बाबांनी तोंड फिरवलं. चौदा वर्षांत हा माणूस पहिल्यांदाच आमचा बांध ओलांडून आत आला होता, आणि ज्या ट्रॅक्टरकडे तो सरळ चालत निघाला होता त्याच ट्रॅक्टरखाली माझे मोठे आप्पा मेले होते.

आधी ट्रॅक्टरचं सांगते. एकाहत्तर सालचं आहे, आजोबांनी घेतलेलं. तेव्हा लाल होतं म्हणे, मला आठवतं तेव्हापासून ते विटेच्या भुग्यासारखं दिसतं. रामलिंगआप्पा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ, ते चालवायचे. मी सात वर्षांची होते तेव्हा एका दुपारी साडेबाराच्या सुमाराला बांधावर चढताना ते उलथलं आणि आप्पा खाली सापडले. पण इंजिन बंद पडलं नाही. आडवं पडून ते तसंच फुल्ल रेसवर ओरडत राहिलं, अर्धा तास. गावात सगळ्यांना ऐकू येत होतं आणि सगळ्यांना वाटलं रामलिंग काम करायलाय. मोठीमाय, म्हणजे आप्पांची बायको केवळाबाई, भाकरी घेऊन गेली तेव्हा ते नुकतंच थांबलं होतं.

त्यानंतर गावात दोन गोष्टी बोलल्या गेल्या. एक, रामलिंग पिऊन चालवत होता. दोन, माणिकप्पानं पंप बिघडवला, कारण तीनच दिवस आधी माणिकप्पांनी त्या ट्रॅक्टरचा डिझेलचा पंप खोलून बसवला होता. आप्पा कधीमधी घ्यायचे हे खरं होतं, त्यामुळे पहिली गोष्टच जास्त टिकली. माणिकप्पांनी मात्र त्या दिवसापासून हातात पाना धरला नाही. निलंग्यापासून औरादपर्यंत लोक ज्याच्या नावानं ट्रॅक्टर ओढून आणायचे, बिदरला उस्तादाकडे नऊ वर्षं राहून शिकलेला माणूस, तो शेळ्या राखायला लागला.

ट्रॅक्टर लोकांनी सरळ करून शेतातच लिंबाखाली ठेवलं. तिथंच राहिलं. बाबा त्याच्या समोरून कधी जायचे नाहीत, वळसा घालून जायचे. यंदा त्यांनी ठरवलं की बास, येळवस, म्हणजे वेळ अमावास्येचा रानातला सण, झाला की भंगारवाल्याला द्यायचं, तो गॅसकटर घेऊन येणार आणि तुकडे करून नेणार. ही खबर माणिकप्पांच्या गावाला कशी गेली देव जाणे. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते आमच्या फाट्यावर उतरले.

"व्यंकटराव," ते बाबांच्या पाठीकडे बघून बोलले, "भंगारात द्यायच्या आधी एकदा उघडू द्या मला."

"कामून? काय राहिलंय उघडायचं?"

"बघायचंय."

"तुम्ही बघितलं की मिस्त्री. तीन दिवस टिकलं तुमचं बघनं."

माणिकप्पांनी हातातली पिशवी खाली ठेवली. सत्तरीच्या आसपासचा वाळका माणूस, जाड काचांचा चष्मा, दांड्यांना सुतळी बांधून मागं गाठ मारलेली. मोठीमाय येळवशीच्या पूजेसाठी कडब्याची कोप, छोटी झोपडी, बांधत होती, ती हातातली पेंडी टाकून आली.

"येऊ द्या की वो भावजी त्यास्नी." मग मिस्त्रींना म्हणाली, "चालू होईल का?"

"इंजिन जाम झालंय म्हंतेत. बघावं लागंल."

"येळवशीला एकदा ऐकवा मला. मग न्या म्हनावं कुठं न्यायचं ते."

येळवस सहा दिवसांवर होती.

मी नांदेडला, विष्णुपुरीला, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा संपवून घरी आले होते, आणि बाबा "तिकडं जायचं न्हाई" म्हणायच्या आत मी तिथं पोचलेसुद्धा. मला वाटलं होतं मिस्त्री हाकलतील. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"व्यंकटरावची का तू?"

"हो. सृष्टी. इंजिनिअरिंगला आहे."

"असं का. मग ही पिशवी धर. जड हाय, पन तू इंजिनेर हायस म्हनल्यावर काय."

पहिल्या दिवशी त्यांनी एकही बोल्ट खोलला नाही. ट्रॅक्टरभोवती चार वेळा फिरले. मग बांबूची एक कांडी काढली, एक टोक इंजिनला टेकवलं, दुसरं कानात, आणि डोळे मिटून उभे राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

"काका, बंद इंजिनाला काय ऐकता?"

"चालू इंजिन कुनालाबी ऐकू येतंय."

मला हसू आलं. त्यांनी कांडी माझ्याकडे दिली. मी कान लावला आणि खरं सांगते, आत काहीतरी होतं. टक, टक, लांबून कुणी दार वाजवल्यासारखं. माझंच रक्त असेल कानातलं. मी कांडी लगेच परत दिली आणि मी काही सांगायच्या आत ते म्हणाले, "मला सांगू नको."

दुसऱ्या दिवशी नोझल काढले. तीन सिलिंडरचं इंजिन, वर आत डिझेल फवारणारे तीन नोझल, ते निघाले की त्या भोकातून आत बघता येतं. त्यांचं म्हणणं असं की गावठी मिस्त्री जाम इंजिनला घण मारतात. "मारून सुटलेलं इंजिन मनात धरून ठिवतंय," ते म्हणाले. त्यांनी पहिल्या सिलिंडरमध्ये तार घातली, कोरडी. दुसऱ्यात घातली, कोरडी, जरा गंज. तिसऱ्याचं नोझल ढिलं केलं आणि एकदम मागं झाले.

वास आला. मला कळेना कसला, म्हणजे कळत होता पण तिथं तो येणं शक्यच नव्हतं. आंबट. ताकाचा, ज्वारीच्या पिठाचा, लसणाचा. आंबिलीचा वास. येळवशीला आमच्याकडे मडक्यात घालून शेतात नेतात ती आंबील. चौदा वर्षं बंद असलेल्या लोखंडातून तो वास येत होता आणि तो शिळा नव्हता. कुणी आत्ता चुलीवरून उतरवलेली असावी तसा.

माणिकप्पांनी तारेला चिंधी गुंडाळून आत घातली. चिंधी बाहेर आली ती करड्या लगद्यानं भरलेली, आणि त्या लगद्यात ज्वारीच्या कण्या. कण्या पांढऱ्या होत्या. सिलिंडरच्या आतून.

"ही कालची वाटती," ते हळूच म्हणाले. मग वर बघितलं. ट्रॅक्टरचा धुराचा पाइप सरळ उभा, त्यावर पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून बाबांनी फार पूर्वी उपडा घातलेला पत्र्याचा डबा. त्यांनी डबा उचलला. पाइपाच्या तोंडाला पांढरे ओघळ वाळलेले होते, एकावर एक.

"केवळाबाई!"

मोठीमाय आली.

"ह्याच्यात काय वतता का तुम्ही?"

"व्हय."

"काय?"

"आंबील." तिला प्रश्नच कळला नव्हता. "येळवशीला. समद्या रानाला देताव, पांडवाला देताव, मग त्यास्नी उपाशी ठिवू का?"

"दरवर्षी?"

"एक वगराळं. पैल्या वर्सापसनं. वर्सातून एकदाच की वो."

मी मध्येच बोलले, मला राहवलंच नाही. म्हटलं मोठीमाय अगं त्या पाइपातून ते थेट आत जातं, तिसऱ्या सिलिंडरचा धूर बाहेर सोडणारा वॉल्व्ह उघडाच राहिला असणार, त्यातून पिस्टनवर पडलं, आंबट वस्तू, लोखंड खाल्लं तिनं, म्हणूनच तर जाम झालंय! तू जाम केलंस!

मोठीमाय माझ्याकडे बघतच राहिली. मग ट्रॅक्टरकडे बघून, खाली मान घालून, नवऱ्याशी बोलतात तशी बोलली, "आवं, मला काय ठावं."

मला तेव्हाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणिकप्पांनी नोझलच्या भोकावर चिंधी टाकली आणि लेकीबाळींना हाक मारतात तसं मला म्हणाले, "अव्वा, जरा कमी बोलत जा. इंजिन पळून चाललंय का?"

त्या दिवशी तिसरं सिलिंडर धुऊन काढलं आणि तिन्हींत डिझेल आणि थोडं ब्रेक ऑइल ओतलं. आता ते मुरू द्यायचं. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी विचारलं की तुम्हाला नेमकं बघायचंय काय.

त्यांनी काडीनं मातीत काढून दाखवलं. इंजिनाला किती डिझेल द्यायचं ते ठरवणारी एक दांडी पंपात असते. बंद करायची वायर ओढली की तीच दांडी मागं येते आणि डिझेल तुटतं. ही दांडी एका कडीला जोडलेली, आणि कडी निसटू नये म्हणून तिच्यात एक पिन. टाचणीएवढी. ती पिन नसेल तर कडी एक ना एक दिवस निसटणार, दांडी पुढं जाणार, इंजिन फुल्ल रेस घेणार आणि मग वायर कितीही ओढली तरी बंद होणार नाही.

"ती पिन मी घातली का न्हाई," ते म्हणाले. "एवढंच बघायचंय."

"तुम्हाला आठवत नाही?"

"रोज आठवतंय. एक दिवस घातल्याली आठवती, एक दिवस न घातल्याली."

पंप इंजिनच्या बाजूला होता, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर. त्याचं झाकण चार बोल्टांवर. मी ते बघत होते आणि माझ्या तोंडातून गेलंच, "पण काका, ते बघायला इंजिन सुटायची काय गरज? हे चार बोल्ट काढले की दिसेल. आत्ता पाच मिनिटात दिसेल."

त्यांनी मातीतल्या त्या चित्राकडे बघितलं. मग पायानं पुसून टाकलं.

"आधी इंजिन सुटू दे," एवढंच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढचं वाक्य गिळलं.

तिसऱ्या दिवशी आम्ही तिघं लिंबाखाली भाकरी खात होतो. दुपार, ज्वारी डोक्याएवढी उभी, पान हलत नव्हतं. माणिकप्पांचा घास हातातच थांबला.

"साडेबारा झाले का गं?"

मी मोबाइल बघितला. बारा बत्तीस.

मोठीमायचा हातही थांबला होता. ती त्यांच्याकडे बघत होती. "तुमालाबी येतंय का?"

"हाव."

"कवापसनं?"

"पैल्यापसनं."

"अर्धा घंटा?"

"हाव. मग बंद होतंय."

"आज जरा हळू हाय," मोठीमाय म्हणाली.

"वारं तिकडचं हाय," ते म्हणाले.

आणि दोघंही परत जेवायला लागले. मी कानात प्राण आणून ऐकलं. काही नव्हतं. ट्रॅक्टर आमच्यापासून दहा पावलांवर उभं, नोझलच्या भोकांवर चिंध्या, मेलेलं. चौदा वर्षं एकमेकांशी न बोललेली दोन माणसं त्या आवाजाबद्दल अशी बोलत होती जसं नळाला पाणी कधी येतं ते सांगावं. माझ्या अंगावर काटा आला तो संध्याकाळी घरी जाऊन अंघोळ केली तरी गेला नाही.

चौथ्या दिवशी माणिकप्पांनी दगड टांगला. जुन्या ट्रॅक्टरला समोरून फिरवायचं हँडल असतं. त्यांनी ते बसवलं, त्यात सात-आठ फुटांचा लोखंडी पाइप आडवा घातला आणि पाइपाच्या टोकाला दोरीनं जात्याचा वरचा दगड बांधून सोडला. बस. ना हिसका, ना घण. वजन लोंबकळत राहील, आत डिझेल मुरत राहील, कधीतरी पिस्टन कंटाळून सोडेल.

"कधी सुटेल?"

"त्याच्या मनावर हाय."

त्या दिवशी सुटलं नाही. पाचव्या दिवशीही नाही. मी सारखी जाऊन पाइपाची उंची मोजायचे, खडूनं खूण करून ठेवली होती लिंबाच्या बुंध्यावर. संध्याकाळी खूण होती तिथंच, सकाळी खूण होती तिथंच. बाबा लांबूनच ओरडले, "काय म्हंतोय गं तुझा दगड?" पहिल्यांदा त्यांनी ह्या सगळ्याबद्दल काही विचारलं होतं. म्हणजे टोमणाच होता, पण विचारलं होतं.

येळवशीला सगळं शिवार भरलं. बैलगाड्या, मोटारसायकली, जीपगाड्या, जो तो आपल्या रानात. आमच्या कोपीत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पाच पांडव, मांडले होते, समोर शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलीचं मडकं. आई, बाबा, मोठीमाय, मी आणि कोपीच्या बाहेर, सावलीला न येता, माणिकप्पा. बाबांनी त्यांना आत या म्हटलं नव्हतं आणि जा पण म्हटलं नव्हतं.

बाबा आंबील शिंपडत रानातून फेरी मारून आले. आजूबाजूच्या शेतांतून आरोळ्या येत होत्या, ह्या बांधावरून त्या बांधावर. मग जेवणाची वेळ झाली तशा त्या एकेक करून थांबल्या. मी सांगू शकत नाही ती शांतता कशी होती. चारी बाजूंना शेकडो माणसं आणि कुणीच बोलत नव्हतं असं वाटलं.

आणि पाइप हलला.

मी तिकडंच बघत होते म्हणून दिसलं. दगड खाली यायला लागला. पडला नाही, आला. एखादा म्हातारा माणूस हाताचा आधार घेत जमिनीवर बसतो तसा, सावकाश, थांबत थांबत. हँडल फिरत होतं आणि जवळ कुणी नव्हतं. इंजिनच्या आतून एक आवाज निघाला, लोखंडाचा नव्हता तो, घशातला होता, लांब, आणि मग धुराच्या पाइपातून श्वास सुटला. वरचा पत्र्याचा डबा उडून खाली पडला. आंबिलीचा वास कोपीपर्यंत आला.

मोठीमायनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती उठून उभी राहिली. घरात वडीलधारं माणूस आलं की उभी राहते तशी.

आई देवाचं नाव घ्यायला लागली. बाबांच्या हातातला उंडा तसाच. मी ओरडले, "सुटलं! काका, सुटलं!" आणि पळत गेले, आणि माणिकप्पांचं तोंड बघून थांबले. ह्या माणसाला आनंद झाला नव्हता. पंप न उघडायला त्याच्याकडे आता कारण उरलं नव्हतं.

ते पंपापाशी मांडी घालून बसले. पाना लावला. चार बोल्ट. चौथ्यावरून पाना दोनदा घसरला, मी हात पुढं केला, तर म्हणाले, "नको. हे माझं हाय."

झाकण निघालं. आत काळं घट्ट झालेलं ऑइल. त्यांनी बोटानं ते बाजूला केलं, चष्मा पुसला, वाकले. मीही वाकले. कडी दांडीपासून निसटून बाजूला पडली होती. कडीच्या टोकाला भोक होतं. भोक रिकामं होतं.

"तुटून पडली असेल," मी पटकन म्हटलं. "काका, तुटली असेल पिन. खाली असेल तुकडा."

त्यांनी खिशातून चुंबक काढलं, जुन्या स्पीकरचं, चिंधीत बांधलेलं. म्हणजे ते तयारीनं आले होते. पंपाच्या तळातलं सगळं काळं त्यांनी चुंबकानं तीन वेळा ढवळलं. मग ते ऑइल हातानं काढून परातीत घेतलं आणि परातीत परत ढवळलं. चुंबकाला काही लागलं नाही. तुटलेली पिन बाहेर जाईल कुठं, चारी बाजूंनी बंद डबा तो. ती आत नव्हती म्हणजे कधीच नव्हती.

खरं सांगते, माझ्या मनात आलं. माझ्या खिशात तशी पिन होती, त्यांच्या पिशवीतलीच, मी खेळत होते तिच्याशी. मी ती परातीत टाकली असती तर कुणाला कळलं नसतं. माझी बोटं खिशात गेली. माणिकप्पांनी वर न बघता माझं मनगट धरलं.

मग ते उठले, काळे हात तसेच समोर धरून कोपीपर्यंत गेले आणि मोठीमायच्या पुढं उभे राहिले.

"केवळाबाई, पिन न्हाई. मी घातली न्हाई."

त्यांचे हात तसेच पुढं होते.

"त्या सालाला मला जवळचं दिसंना झालतं. चष्मा लावला की लोक म्हनतेत मिस्त्रीचं झालं आता, म्हनून लावला न्हाई. हातानं चाचपून काम करायचो. बारीक काम बी. रामलिंग माझ्या हातानं गेला."

बाबा उठले. मला वाटलं आता मारतात. पण मोठीमायनं हात आडवा केला. तिनं एकच विचारलं.

"मंग त्येनी बंद करायला वायर वढली असंल का?"

"वढली असंल. लई वढली असंल. वढून बंद झालं नसतं."

"पिल्याल्या मानसाला सुचतंय का वो ते?"

"काय म्हनायचंय तुमाला?"

"पिल्यालं नव्हते ते." आणि मग ती सासरच्या सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, मी तिचा तसा आवाज कधीच ऐकला नव्हता. "पिल्यालं नव्हते ते! भावजी, ऐकलाव का? शुद्धीत होते! मी चौदा वर्सं सांगायली हाय, तोंडाला वास नव्हता म्हनून!"

शेजारच्या रानातली माणसं उठून बांधावर आली. तिनं त्यांनाही सांगितलं. माणिकप्पांना म्हणाली, सांगा. आणि त्यांनी सांगितलं, प्रत्येकाला, तेच शब्द, हात तसेच काळे. बाबा बांधावर बसून रडत होते, कारण पिऊन मेला असं म्हणणाऱ्यांत बाबाही होते. मला हे त्या दिवशी कळलं.

लोक पांगल्यावर माणिकप्पांनी विचारलं, "पिन घालून चालू करू का? तुमाला ऐकायचं होतं."

मोठीमायनं उन्हाकडं बघितलं. "साडेबारा होऊन गेले मिस्त्री. आज आलं न्हाई."

"मला आलं," ते म्हणाले.

"मला न्हाई आलं. ऱ्हाऊ द्या."

ट्रॅक्टर पुढच्या आठवड्यात गेलं, तुकडे होऊन. मी नांदेडला परत आले. मला वाटलं होतं हे इथं संपलं, आता तो माणूस तरी सुटला, जे बघायचं ते बघून झालं. मग फेब्रुवारीत गावी जाताना निलंग्याच्या बसस्टँडवर ते दिसले. तीच पिशवी, चष्म्याच्या दांड्यांना तीच सुतळी.

"कुठं निघालाव काका?"

"जळकोटला."

"काय आहे जळकोटला?"

"त्या सालाला मी काय एकट्या रामलिंगचाच पंप खोलला का?"

मला कळायला दोन सेकंद लागले. ज्या वर्षी त्यांना दिसत नव्हतं त्या वर्षी त्यांनी हात लावलेला प्रत्येक पंप. गावागावात. ते आठवून आठवून एकेका गावाला जात होते, एसटीनं, कुणाचं ट्रॅक्टर विकलं गेलं तर विकत घेणाऱ्याच्या गावाला. मी माझी बस सोडली आणि त्यांच्या बसमध्ये चढले. घरी फोन पण नंतर केला, बाबांच्या शिव्या खाल्ल्या.

जळकोटच्या पुढं एका वस्तीवर गुरुबसप्पा नावाच्या माणसाचं शेत. पन्नाशीचा गडी, गोल पोट, जुन्या ट्रॅक्टरवर बसून पाण्याची टाकी ओढत होता. माणिकप्पांना त्यानं ओळखलंच नाही आधी. मग ओळखलं तसा खाली न उतरता वरूनच हसला.

"मिस्त्री! तुमी हायव अजून? मला वाटलं गेलाव!"

"बंद कर," माणिकप्पा म्हणाले. "खाली उतर. पंप उघडायचाय."

"कामून? झ्याक चालतंय की. तुमीच बसिवल्याला, तवापसनं हात लावला न्हाई कुनी."

माणिकप्पा ऐकायला थांबलेच नाहीत, मांडी घातली. गुरुबसप्पा मला म्हणाला, "म्हातारपनी आदत सुटंना व्हय?" आणि घरात चहा सांगायला गेला. चार बोल्ट निघाले. झाकण काढून त्यांनी डोळे मिटले आणि मला म्हणाले, "अव्वा, तू बघ. मला बघवंना."

मी टॉर्च लावून बघितलं. कडी दांडीवर होती. भोक रिकामं होतं. चौदा-पंधरा वर्षं ती कडी नुसत्या मळीवर टिकून होती, घट्ट झालेल्या काळ्या मळीच्या एका थेंबावर. मी बोट लावलं, नुसतं लावलं, आणि ती निसटून माझ्या बोटावर आली.

"हाय का?"

मला खोटं बोलायचं होतं. बोलले नाही. "नाही काका."

त्यांनी डोळे उघडले. पिशवीतून पिन काढली, मी कडी बसवून धरली, त्यांनी पिन घातली, पकडीनं टोकं वाकवली, मग मला ओढून बघायला लावली. दोनदा. झाकण लावलं. गुरुबसप्पा चहा घेऊन आला तेव्हा ते त्याच्याकडं असं बघत होते की तो ओशाळला.

"काय वो, असं काय बघायलाव?"

"पोरं किती तुला?"

"दोन पोरी. एक नात झाली आत्ता दिवाळीला."

"चढ वर. चालू कर."

तो चढला, चालू केलं, धूर निघाला, इंजिन धडधडायला लागलं. माणिकप्पा पंपावर हात ठेवून उभे होते.

"आता बंद कर."

गुरुबसप्पानं वायर ओढली. इंजिन बंद झालं.

"परत," माणिकप्पा म्हणाले.

त्यानं हसत परत चालू केलं, परत बंद केलं.

"परत."

"मिस्त्री, चहा थंड होईल की वो."

"होऊ दे. परत."

तो आता हसत नव्हता. त्यानं चालू केलं. बंद केलं. शेवटच्या बसचा हॉर्न रस्त्यावर वाजला आणि गेला, आम्ही दोघांनीही तिकडं बघितलं नाही.

"परत," माणिकप्पा म्हणाले.